चिकटवायचं कशानं? ग्लू, सीलंट आणि फिलर निवडण्याआधी सांधा बघा

मेंटेनन्सच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "साहेब, सगळ्यात स्ट्राँग ग्लू कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाही. पण हे मला कळायला एक गिअरबॉक्स बिघडावा लागला, म्हणून आधी ते सांगतो.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तेव्हा नवीन होतो. एका गिअरबॉक्सच्या कव्हरच्या जोडातून तेल झिरपत होतं. मी कव्हर उघडलं, सिलिकॉनची ट्यूब जवळजवळ अख्खी दाबून गोल फिरवली, बोल्ट आवळले आणि बाहेर आलेलं सिलिकॉन बोटानं छान गुळगुळीत केलं. गळती थांबली, शाबासकीही मिळाली. पण जेवढं सिलिकॉन बाहेर आलं तेवढंच आतही गेलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन आठवड्यांनी आतल्या सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकले, वरच्या बेअरिंगला तेल पोचेना आणि ते जाम झालं. एका ट्यूबच्या नादात मशीन दोन शिफ्ट बंद राहिलं.

सिलिकॉन वाईट नव्हतं, त्या सांध्यासाठी चुकीचं होतं. म्हणून या लेखात आपण सांध्यापासून सुरुवात करू आणि नळीपर्यंत शेवटी पोचू.

आधी हे प्रश्न विचारा

कुठलाही जोड समोर आला की मी पाच गोष्टी बघतो. कोणते दोन पदार्थ चिकटवायचे आहेत? मधली फट किती आहे? जोडावर भार कुठल्या दिशेनं आणि किती वेळ येणार? तिथे उष्णता, पाणी, तेल, ऊन यातलं काय असणार? आणि हा जोड पुढे कधी उघडावा लागेल का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि मग वर्षभरानं मोटार उघडायला आलेला फिटर आपल्या नावानं बोटं मोडतो.

फटीचं उदाहरण घ्या. फेवीक्विकसारखा झटपट ग्लू, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, केसाएवढ्या फटीत उत्तम धरतो. साधारण ०.१ मि.मी.च्या वर फट गेली की साधा पातळ ग्लू नीट सेट होत नाही आणि ताकदही देत नाही. दोन घटकांचे इपॉक्सी, उदाहरणार्थ अरल्डाइट, याच्या उलट. त्यात साधारण ०.१ ते ०.३ मि.मी.चा थर राहिलेला चांगला. क्लॅम्प इतका आवळला की सगळं इपॉक्सी बाहेर पिळून निघालं, तर जोड कमजोर होतो. आणि २ मि.मी.ची फट असेल तर तिथे ग्लू नकोच, भरणी हवी.

पृष्ठभाग: इथेच सगळं बिघडतं

सुटून आलेले जोड मी बरेच बघितले आहेत. सुटलेला तुकडा हातात घेतला की आधी बघा, ग्लू दोन्ही बाजूंना थोडा थोडा राहिलाय, की एका बाजूनं पापडासारखा अख्खा निघालाय? दोन्हीकडे राहिला असेल तर ग्लू स्वतः फाटला, म्हणजे त्याची ताकद कमी पडली. एका बाजूनं स्वच्छ निघाला असेल तर तो तिथे चिकटलाच नव्हता. माझ्या अनुभवात दुसरा प्रकारच जास्त.

धातूसाठी क्रम असा: आधी तेल-ग्रीस काढा, मग घासा, मग पुन्हा पुसा. घासून नंतर एकदाच पुसलं तर पॉलिश पेपर ते तेल ओरखड्यांमध्ये आणखी खोल चोळून बसवतो. पुसायला अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. रॉकेल आणि डिझेल नको, दोन्ही मागे तेलकट थर सोडतात. दुकानातल्या सुट्या थिनरमध्ये नेमकं काय मिसळलंय याची खात्री नसते. कापड पांढरं आणि कोरं घ्या, मशीन पुसलेली चिंधी नको. शेवटी त्यावर थोडं पाणी टाकून बघा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग तयार आहे, थेंब थेंब होऊन आकसलं तर अजून तेल आहे. ही परीक्षा फुकट आहे, तरी फार थोडे लोक करतात. (नंतर पूर्ण वाळवा, हे सांगायला नकोच.)

जुन्या बिडाच्या भागाची वेगळी गंमत. बीड सच्छिद्र असतं, वर्षानुवर्षं तेल पीत असतं. वरून पुसून काही होत नाही. ब्लो लॅम्पनं हळूहळू तापवलं की आतलं तेल घामासारखं वर येतं. ते पुसायचं, पुन्हा तापवायचं, येणं थांबेपर्यंत. मात्र हे अॅसिटोनची बाटली लांब ठेवून करा, आणि द्रावक पूर्ण उडाल्याशिवाय ज्योत पेटवू नका.

प्लास्टिकचा मुद्दा त्याहून अवघड. गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीला तडा गेला की लोक एम-सील लावतात. दोन दिवस पाणी थांबतं, मग पोपडा सुटतो. कारण ती टाकी पॉलिइथिलिनची असते. पॉलिइथिलिन, पॉलिप्रोपिलिन आणि टेफ्लॉन या पदार्थांवर कुठलाच द्रव नीट पसरत नाही, मग ग्लू तरी कसा पसरणार? प्लास्टिक ओळखायची सोपी युक्ती: त्याचा छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिइथिलिन आणि पॉलिप्रोपिलिन तरंगतात. पीव्हीसी, एबीएस, नायलॉन, पॉलिकार्बोनेट बुडतात. खाली त्रिकोणात २ किंवा ४ आकडा असेल तर पॉलिइथिलिन, ५ असेल तर पॉलिप्रोपिलिन. तरंगणाऱ्या प्लास्टिकसाठी खास प्रायमर किंवा खास अॅक्रिलिक ग्लू मिळतात, पण टाकीसाठी गरम हवेनं त्याच जातीच्या प्लास्टिकचं वेल्डिंग करणारा माणूस बोलावणं स्वस्त पडतं. बुडणाऱ्या प्लास्टिकमध्ये एबीएस, अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला अॅसिटोन लावू नका. ते विरघळतात किंवा तडकतात.

भार कुठून येतो?

सेलोटेपची पट्टी टेबलावर चिकटवा आणि सपाट धरून सरळ ओढा. निघणार नाही, बहुधा फाटेल. आता तिचं टोक नखानं उचला. सुरसुरत निघून येईल. चिकटवलेल्या प्रत्येक जोडाचं असंच आहे. पृष्ठभागाला समांतर ओढ असेल तर भार सगळ्या क्षेत्रावर वाटला जातो. टोकाकडून सोलणारी ओढ असेल तर सगळा भार एका रेषेवर येतो आणि तिथून जोड उघडत जातो. म्हणून तुटलेला पत्रा टोकाला टोक लावून चिकटवू नका. मागून पट्टी लावा, दोन्ही बाजूंना चांगली रुंद. सायनोअॅक्रिलेट आणि कडक इपॉक्सी सोलायच्या बाबतीत फार कच्चे. धक्के आणि थरथर असेल तिथे टफन्ड इपॉक्सी, मिथाक्रिलेट किंवा पॉलियुरेथेन घ्या.

आता वेळेचा मुद्दा, आणि हा खरोखर गंभीर आहे. अमेरिकेत बोस्टन शहरात १० जुलै २००६ रोजी एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे खालून जाणाऱ्या मोटारीवर पडले. एकूण वजन साधारण २६ टन. मोटारीतली एक महिला जागीच गेली. ते छत टांगलेलं होतं काँक्रीटमध्ये इपॉक्सीनं बसवलेल्या बोल्टांवर. बसवल्यावर बोल्ट ओढून तपासले होते आणि ते पासही झाले होते. पण वापरलेलं इपॉक्सी लवकर सेट होणाऱ्या प्रकारचं होतं, आणि सतत टांगलेल्या भाराखाली ते अगदी हळूहळू ताणलं जात होतं. याला क्रीप म्हणतात. त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या भागात असे बोल्ट जागचे सरकलेले १९९९मध्येच दिसले होते. बोल्ट बदलले, पुन्हा तपासले, पण ते का सरकले याचा पिच्छा पुरवला गेला नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात हे सगळं बाहेर आलं.

डबीवर लिहिलेला ताकदीचा आकडा हा काही मिनिटांत खेचून तोडलेल्या नमुन्याचा असतो. वर्षानुवर्षं टांगलेल्या वजनाबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून डोक्यावर टांगायची वस्तू, मग ती पंख्याचा हूक असो की जड साइनबोर्ड, फक्त ग्लूच्या भरवशावर मी ठेवत नाही. रासायनिक अँकर वापरायचाच असेल तर सततच्या भारासाठी मंजूर असलेलाच घ्यायचा.

कुठला ग्लू कुठे?

सगळ्यात आधी अॅनेरोबिक, कारण कारखान्यात हाच सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात चुकीचा वापरला जाणारा. लॉकटाइट हे नाव आपण ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली हा प्रकार विकसित केला. याचं वैशिष्ट्य असं की हवा असेपर्यंत हा द्रवच राहतो. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. म्हणून त्याची बाटली विकत घेताना अर्धी रिकामी दिसते. दुकानदारानं फसवलं नाही, ती हवा मुद्दाम ठेवलेली असते.

नट-बोल्टच्या आट्यांना लावायचा निळा प्रकार, उदाहरणार्थ २४३, साध्या पान्ह्यानं पुढे उघडता येतो. लाल किंवा हिरवा घट्ट प्रकार, जसा २७०, उघडायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. सगळीकडे लालच लावणारे फिटर मी पाहिलेत. नंतर बोल्टचं डोकं तुटतं, पण आटे सुटत नाहीत. स्टेनलेस स्टील आणि झिंक प्लेटिंगवर हा ग्लू मंद चालतो, तिथे अॅक्टिव्हेटर मारा किंवा जास्त वेळ द्या. प्लास्टिकमध्ये घुसणाऱ्या स्क्रूला मात्र लावूच नका. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला बारीक तडे जातात.

माझ्या त्या गिअरबॉक्सलाही अॅनेरोबिकच हवा होता. मशीन केलेल्या, ताठ, धातूच्या दोन पाट्यांमध्ये फ्लँज सीलंट पातळ लावला की पुरतो. आत निघालेला जास्तीचा भाग घट्ट होत नाही, तेलात मिसळून जातो. सिलिकॉनची जागा आहे पत्र्याच्या कव्हरला, जे वाकतं आणि ज्याची फट जास्त असते. तेही तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची एक सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. अख्खी ट्यूब नाही.

सायनोअॅक्रिलेट १९४२मध्ये कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं. हॅरी कूव्हर यांचा गट बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता आणि हा पदार्थ सगळ्यालाच चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला गेला. ग्लू म्हणून तो बाजारात यायला १९५८ साल उजाडलं. पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं तो सेट होतो. छोटी रबरी रिंग, प्लास्टिकची मूठ, सेन्सरची वायर जागेवर धरणं, यासाठी झकास. ८० अंशांच्या वर किंवा सतत पाण्यात मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. आणि सुती कापडावर सांडू देऊ नका, तो कापसाशी इतक्या वेगानं घट्ट होतो की चटका बसतो.

इपॉक्सी धातू, काच, दगड, सिरॅमिक यांसाठी. इथे एक गैरसमज पक्का बसलाय: हार्डनर जास्त टाकला की लवकर आणि जास्त घट्ट होतं. होत नाही. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनशी जोडी जुळवतो, जास्तीचा हार्डनर बिनजोडीचा राहतो आणि जोड मऊ, चिकचिकीत होतो. प्रमाण पाकिटावरचंच, आणि ते आकारमानानं आहे की वजनानं, हे वाचून. एका वेळी मोठा गोळाही कालवू नका, त्यातच इतकी उष्णता तयार होते की भांडं धूर सोडतं. पाच मिनिटांवालं इपॉक्सी सोयीचं आहे, पण उष्णता आणि पाणी यांत ते संथ प्रकारापेक्षा कमी टिकतं. उन्हात उभ्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो, तिथे ते नरम पडतं. घाई नसेल तर संथ प्रकारच घ्या.

लाकडाला पांढरा फेविकॉल, सनमायका आणि रेक्झीनला दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचा रबरी ग्लू, पीव्हीसी पाइपला सॉल्व्हंट सिमेंट. हे आपल्या सुताराला आणि प्लंबरला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

सीलंट: ताकद नाही, ताण

सीलंटचं काम धरून ठेवणं कमी आणि हलू देणं जास्त. एक हिशेब करू. एक मीटर लांब अॅल्युमिनियमची चौकट आणि तेवढीच काच. तापमान ४० अंशांनी वाढलं की अॅल्युमिनियम साधारण ०.९ मि.मी. वाढतं, काच फक्त ०.३६. फरक अर्ध्या मि.मी.हून थोडा जास्त. तुमचा सीलंट २५ टक्के हालचाल सहन करत असेल तर फट या फरकाच्या किमान चौपट, म्हणजे सव्वादोन मि.मी. तरी हवी. मी पाच-सहा ठेवतो. फट दिसायला वाईट म्हणून कमी ठेवली की पहिल्याच उन्हाळ्यात सीलंट कडेनं सुटतो. रुंद फटीत तळाशी फोमची दोरी घाला, म्हणजे सीलंट दोन बाजूंनाच चिकटेल. तळालाही चिकटला तर त्याला ताणायला जागाच उरत नाही.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येतो का बघा. तो आम्ल सोडणारा प्रकार काचेला ठीक, पण तांबं, गॅल्व्हनाइज्ड पत्रा, संगमरवर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट यांना खातो. तिथे न्यूट्रल लिहिलेलं घ्या. सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंगवायचा जोड असेल तर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर. पेंट शॉपजवळ तर सिलिकॉन उघडूही नका, त्याचा अंश पत्र्यावर गेला की रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

झिजलेलं भरायचं असेल तर

बेअरिंग हाउसिंगमध्ये सैल फिरायला लागलं, ही रोजची तक्रार. जुने फिटर सेंटर पंचनं आत ठिपके मारतात किंवा कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा घालतात. तात्पुरतं चालतं, पण बेअरिंग तीनचार टोकांवर टेकतं आणि लवकर जातं. आधी मापा. व्यासात ०.२५ मि.मी.पर्यंत सैल असेल तर ६३८सारखं रिटेनिंग कंपाउंड, अर्ध्या मि.मी.पर्यंत झिजलं असेल तर ६६०. त्याच्या पुढे स्टील भरलेली इपॉक्सी पुट्टी भरून, पूर्ण कडक झाल्यावर लेथवर बोअर करायचं. आणि मध्य जुळवून बसवायची काळजी घ्या, द्रव काही बेअरिंगला आपोआप मधोमध आणत नाही.

बिडाच्या पंप केसिंगला तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चं भोक पाडा, नाहीतर भरणीखालून तडा पुढे सरकतो. मग तडा व्ही आकारात खरवडा आणि भरा. वाळू ओढणाऱ्या पंपाला आतून सिरॅमिक भरलेली पुट्टी जास्त टिकते.

मोटारीच्या पत्र्यावर लावतात ती लांबी पॉलिएस्टरची. ती पोचे भरण्यासाठी आहे, गंजानं पडलेलं भोक बुजवण्यासाठी नाही. ती ओलावा शोषते, मागचा पत्रा गंजत राहतो आणि पावसाळा संपला की रंगाखाली फुगे येतात.

हवामान

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झटपट ग्लू हातात धरायच्या आत सेट होतो, उलट इपॉक्सीच्या वरच्या बाजूला मेणचट थर येतो. दुसरा हात द्यायचा असेल तर तो थर पाणी आणि साबणानं धुऊन, वाळवून, घासून मगच द्या. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत तेच इपॉक्सी संध्याकाळपर्यंत ओलं राहतं. ढोबळमानानं, १० अंश कमी झाले की दुप्पट वेळ धरा. शंभर वॉटचा जुना बल्ब जवळ टांगला तरी फरक पडतो.

इथे ग्लू नको

गॅसची लाइन, ब्रेक, स्टिअरिंग, वजन उचलायचे हूक आणि साखळ्या, बॉयलर आणि कॉम्प्रेसरच्या टाक्या. इथे भाग बदलायचा किंवा प्रमाणित वेल्डर बोलवायचा. शुद्ध ऑक्सिजनच्या लाइनवर साधा अॅनेरोबिक सीलंटही धोकादायक, आग लागू शकते. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या जोडावर त्यासाठी मान्यता असलेलाच माल. आणि इपॉक्सी उघड्या हातानं कालवू नका. वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एके दिवशी अॅलर्जी सुरू होते आणि त्यानंतर नुसत्या वासानंही हात सुजतात. आमच्या एका फिटरला यामुळे काम बदलावं लागलं.

ठेवायचं कसं?

छोट्या नळ्या घ्या, मोठी बाटली अर्धी फेकावी लागते. न उघडलेला झटपट ग्लू फ्रिजमध्ये टिकतो, पण बाहेर काढून तास-दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण उघडा. थंड बाटलीत बाहेरचं दव धरतं आणि तिथेच गाठी होतात. अॅनेरोबिकच्या बाटलीचं टोक बोल्टला टेकवू नका. लोखंडाचा कीस आत गेला तर सगळी बाटली घट्ट होऊ शकते. सिलिकॉनच्या उघड्या ट्यूबमध्ये मी एक लांब स्क्रू घालून ठेवतो. पुढच्या वेळी तो ओढला की पुढचं वाळलेलं बूच त्याच्याबरोबर बाहेर येतं.